चालू कामात घड्याळ मागे घेऊ नका

शाळेच्या संगणक कक्षात आठवीची चाचणी सुरू होती. एका संगणकाचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असल्याचे आमच्या लक्षात आले. आम्ही लगेच ते मागे घेतले. तपासताना कळले, की त्या संगणकावर बसलेल्या मुलीने सुधारून लिहिलेली उत्तरे जमाच झाली नव्हती. आधीच्या उत्तरांवर ११.२० ही वेळ पडली होती, सुधारलेल्यांवर ११.१४. सॉफ्टवेअरने वेळ पाहून आधीचीच उत्तरे ‘शेवटची’ धरली. मुलीचे काही चुकले नव्हते, चूक आमची होती.

संगणकाचे घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालते. उष्णता-थंडीने त्याची गती किंचित बदलते आणि रोज थोडा थोडा फरक साठत जातो. म्हणून संगणक नेटवर्कवरून दुसऱ्या अचूक संगणकाला वेळ विचारतो. या पद्धतीला एनटीपी म्हणतात. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स हे तिचे जनक. आपल्या देशाची प्रमाण वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते.

या पद्धतीची खुबी अशी, की चूक लहान असेल तर ती काटा एकदम हलवत नाही. घड्याळ पुढे असेल तर त्याची चाल जरा मंद करते, मागे असेल तर जरा जलद. दर सेकंदाला फार तर अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. एका सेकंदाची चूक भरून यायला सुमारे ३३ मिनिटे लागतात. वेळ पुढेच सरकत राहते, त्यामुळे चालू सॉफ्टवेअरचा क्रम बिघडत नाही.

पण याच चालीने दहा मिनिटांची चूक भरायला जवळजवळ चौदा दिवस लागतील. मोठी चूक एकदमच सुधारावी लागते. मात्र आधी सगळी कामे जतन करून, सॉफ्टवेअर बंद करून.

घरच्या संगणकासाठी एवढेच करावे: सेटिंगमध्ये वेळ आपोआप जुळण्याची सोय सुरू ठेवावी. परीक्षा किंवा ऑनलाइन अर्ज भरण्याआधी घड्याळ पाहावे, मध्येच हात लावू नये. संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावर जुनीच तारीख दिसत असेल, तर आतला नाण्याएवढा सेल बहुधा संपलेला असतो. तो बदलून घ्यावा.

त्या मुलीची चाचणी आम्ही पुन्हा घेतली. तिच्या अम्मीला बोलावून चूक कोणाची, तेही सांगितले. आता घंटा होण्यापूर्वीच आम्ही सगळ्या संगणकांची घड्याळे पाहून घेतो.