शाळेतले जेवण : देशोदेशीचे आणि आपले

शाळा सुरू झाल्या की दवाखान्यात एक ठराविक तक्रार ऐकू येते. ‘डॉक्टर, पोरगं अकरा-साडेअकराला पोटात दुखतं म्हणतं, कधी चक्कर येते म्हणतं.’ तपासून पाहावे तर बहुतेक वेळा पोटात काही नसते, म्हणजे खरोखरच काही नसते! सकाळी चहात बिस्किट बुडवून मूल घराबाहेर पडलेले असते. ‘शाळेत खिचडी मिळते ना?’ असे विचारले की काही पालक थोडे अवघडून सांगतात, ‘मिळते हो, पण आमचा नाही खात तिथली. पाच-दहा रुपये देतो, तो काहीतरी घेऊन खातो.’ हे ‘काहीतरी’ म्हणजे बहुधा वेफर्सचे पाकीट.

शाळेतली खिचडी ही गरिबांच्या मुलांसाठी, आपल्या मुलासाठी नव्हे, हा समज आपल्या गावागावांत आहे. तो मुलांच्या प्रकृतीला कसा बाधतो हे समजून घ्यायचे, तर इतर देशांत काय घडले हे पाहणे उपयोगी ठरेल.

जपान आणि फिनलंड

जपानमध्ये शाळेतल्या जेवणाची सुरुवात १८८९ साली झाल्याचे मानले जाते. त्सुरुओका गावातील एका मंदिरातल्या शाळेत गरीब मुलांना भाताचे गोळे, खारवलेला मासा आणि लोणचे दिले जाई. म्हणजे सुरुवात गरिबांपासूनच झाली. पण १९५४ साली शालेय भोजनाचा कायदा झाला आणि हळूहळू हे जेवण सर्वांचे झाले. आज तिथल्या प्राथमिक शाळेत मुले पांढरा अंगरखा आणि टोपी घालून पाळीपाळीने वाढप करतात. शिक्षकही वर्गात बसून तेच जेवण जेवतात. मुलांना वाढण्याआधी मुख्याध्यापक किंवा जबाबदार व्यक्ती ते खाऊन पाहते. ताटात भात, भाजी, मासा किंवा मांस, सूप आणि दूध असते. २००५ साली तर आहारशिक्षणाचा स्वतंत्र कायदाच झाला.

फिनलंडने १९४३ साली कायदा करून १९४८ पासून सर्व शाळकरी मुलांना मोफत जेवण सुरू केले. त्या वेळी तो देश युद्धाने खंगलेला होता, श्रीमंत नव्हता. तिथे मुलांना ताटाचे साधे गणित शिकवतात. अर्धे ताट भाज्या, पाव ताट बटाटा अथवा भात, पाव ताट मासा, मांस किंवा कडधान्य. जोडीला पाव आणि दूध. साहेबाचे मूल आणि मजुराचे मूल एकाच रांगेत ताट घेऊन उभे राहते.

इंग्लंडचा अनुभव

इंग्लंडची कथा वेगळी आहे. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला आलेले अनेक तरुण कुपोषणामुळे नापास झाले आणि सरकार जागे झाले. १९०६ साली शाळेतील जेवणाचा कायदा झाला. पुढे १९४४ च्या कायद्याने जेवण देणे बंधनकारक झाले. पण १९८० साली खर्च वाचवण्यासाठी पोषणाचे दंडक काढून टाकण्यात आले. मग तळलेले बटाटे, बर्गर आणि तयार मांसाचे पदार्थ मुलांच्या ताटात आले. २००५ मध्ये जेमी ऑलिव्हर या आचाऱ्याने दूरचित्रवाणीवर हे जेवण लोकांना दाखवले, तेव्हा पालक खडबडून जागे झाले आणि पुढच्या वर्षी नवे नियम आले. २०१४ पासून लहान वर्गांतील सर्व मुलांना, उत्पन्न न पाहता, मोफत जेवण देण्यास सुरुवात झाली.

वाचकांच्या लक्षात येईल की, जेवण सर्वांचे असते तेव्हा त्यावर सर्वांची नजर असते. ते ‘दुसऱ्यांच्या मुलांचे’ झाले की त्याचा दर्जा घसरला तरी कुणी बोलत नाही. आणि ज्या मुलाला त्याची सर्वांत जास्त गरज असते, ते मूलही लाजेने अर्धपोटी उठते.

आपल्याकडे काय आहे?

शाळेतल्या जेवणात आपण मागे नाही. मद्रास महापालिकेने १९२५ च्या सुमारास आपल्या शाळांत जेवण सुरू केले. पुढे कामराज यांनी १९५६ मध्ये आणि एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये ते राज्यभर वाढवले. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आरंभी आपल्याकडे मुलांना दरमहा ३ किलो तांदूळ घरी मिळे. तो तांदूळ घरच्या सगळ्यांत वाटला जाई, मुलाच्या वाट्याला किती आला हे कोण सांगणार? २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला. तेव्हापासून शाळाशाळांत चुली पेटल्या. २०२१ पासून या योजनेला ‘पीएम पोषण’ म्हणतात. सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाचा या जेवणावर हक्क आहे. त्यासाठी गरिबीचा दाखला लागत नाही.

पातेल्यात किती काय पडावे?

पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा दंडक आहे. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसभरात सुमारे १७०० उष्मांक आणि २३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे या एका जेवणात त्याची प्रथिनांची निम्मी गरज भागते. सहावी ते आठवीसाठी दंडक ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनांचा आहे.

पालकांना हे तपासणे अवघड नाही. पहिली ते पाचवीच्या १०० मुलांमागे १० किलो तांदूळ, २ किलो डाळ किंवा कडधान्य, ५ किलो भाजी आणि अर्धा किलो तेल पडले पाहिजे. मोठ्या मुलांसाठी हेच प्रमाण दीडपट धरावे.

यात डाळीला आणि भाजीला फार महत्त्व आहे. आपला मावळ भाताचा प्रदेश. मळवली, कार्ला, भाजे, पाटण, कुठेही जा, सकाळी भात आणि रात्री भात. भातात प्रथिने असतात, पण त्यांतला एक आवश्यक घटक कमी पडतो. तो डाळीत भरपूर असतो. म्हणून वरण-भात किंवा मुगाची खिचडी ही जोडी पूर्वजांनी उगीच जमवलेली नाही. डाळ कमी करून पाणी आणि हळद वाढवली, तर खिचडी पिवळी दिसते, पण मुलाची वाढ होत नाही. मटकी, मूग मोड आणून घातले तर अधिक चांगले. वरून लिंबू पिळल्यास अन्नातले लोह शरीरात जास्त शोषले जाते. उलट जेवणाला लागून चहा घेतल्याने ते कमी शोषले जाते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभरातील जवळजवळ ६९ मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. हीच मुले पुढे शाळेत येतात.

अंड्याचेही तसेच. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. तमिळनाडूत १९८९ पासून शाळेत अंडे देऊ लागले आणि २०१० पासून आठवड्याला पाच अंडी मिळू लागली. न खाणाऱ्यांना केळे देतात. आपल्या राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे किंवा केळे देण्याचे ठरवले, पण जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा सरकारी निधी थांबवून ते लोकसहभागातून द्यावे असे सांगण्यात आले. लोकसहभाग म्हणजे आपणच. वाढदिवसाला शाळेत चॉकलेट वाटण्याऐवजी उकडलेली अंडी किंवा केळी वाटावीत. शेंगदाण्याची चिक्कीही चालेल. लोणावळ्याची चिक्की पुण्या-मुंबईचे लोक डबे भरभरून नेतात आणि आपली मुले मात्र वेफर्स खातात! मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात.

धोका कुठे आहे?

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन गावी शाळेतले जेवण जेवून २३ मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे पिकावरचे कीटकनाशक गेले होते. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात तेल, पाणी, धान्य काहीही ठेवू नये. हे शाळेला लागू आहे तसे आपल्या घरालाही. मुलांना वाढण्याआधी शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी अन्न चाखावे, असा आपल्याकडेही नियम आहे. जपानात तो पाळला जातो, आपण तो पाळला जातो की नाही एवढे तरी पाहावे.

पालकांनी काय करावे?

१. मुलाला सकाळी उपाशी पाठवू नये. भाकरी-दूध, शिळी पोळी-गूळ, काहीही चालेल.

२. महिन्यातून एकदा मधल्या सुट्टीत शाळेत जाऊन ती खिचडी स्वतः खाऊन पाहावी. डाळ, भाजी कमी वाटल्यास शाळा व्यवस्थापन समितीत शांतपणे विषय काढावा. स्वयंपाक करणाऱ्या बाईंवर तोंडसुख घेऊ नये, त्या तुटपुंज्या मानधनावर राबतात.

३. ‘तिथलं खाऊ नको’ असे मुलाला सांगू नये. पंगतीत बसू द्यावे. शेजारच्या मुलाला खाताना पाहून घरी भाजीला नाक मुरडणारी मुलेही जेवतात.

४. ज्या खासगी शाळांत जेवण नाही, तिथे पोळी-भाजी, उसळ, एखादे फळ असा डबा द्यावा. डब्याऐवजी पैसे देऊ नयेत.

५. जेवणाआधी साबणाने हात धुण्याची आणि पिण्याच्या स्वच्छ पाण्याची सोय शाळेत आहे ना, हे पाहावे. मावळच्या पावसाळ्यात जुलाब, कावीळ यांची सुरुवात बहुधा पाण्यातूनच होते.