जुनी सदनिका घेताना : भिंतींआधी कागद पाहा

नव्या इमारतींतील घरांचे भाव ऐकून मुंबई-पुण्यातील अनेक कुटुंबे वीस-पंचवीस वर्षांच्या जुन्या सदनिकेकडे वळतात. स्टेशन जवळ, शेजार नांदता, ताबाही लगेच. खरेदीदार भिंतींची ओल पाहतो, पाणी किती वेळ येते ते विचारतो, दार पूर्वेला आहे ना याचीही खात्री करून घेतो. कागदपत्रे पाहण्याची आठवण मात्र बहुधा इसार देऊन झाल्यावर होते. हा क्रम उलटा हवा.

पहिला प्रश्न मालकीच्या साखळीचा. बिल्डरने पहिल्या खरेदीदाराशी केलेल्या करारापासून आजच्या विक्रेत्यापर्यंतचे सर्व नोंदणीकृत करार, नोंदणीच्या पावत्यांसह, मूळ प्रतीत पाहावेत. मधलाच एखादा करार गहाळ असेल, तर बँक कर्ज देताना हात आखडता घेते. महाराष्ट्रात डिसेंबर १९८५ पासून सदनिकेच्या विक्रीकरारावर खरेदीखताप्रमाणे मुद्रांक शुल्क लागते. त्यानंतरचा करार किरकोळ किमतीच्या स्टॅम्पपेपरवर केलेला आढळला, तर थकलेले शुल्क आणि दंड कोण भरणार, हे आधीच लेखी ठरवून घ्यावे. दुय्यम निबंधक कार्यालयातील ‘सूची क्रमांक २’वरून पूर्वीचे व्यवहार शोधता येतात. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध-अहवाल घेण्याचा खर्च घराच्या किमतीपुढे नगण्य आहे.

याहून अवघड प्रसंग वारसांचा. वडील वारले, संस्थेच्या शेअर सर्टिफिकेटवर थोरल्या मुलाचे नाव लागले आणि तोच आता घर विकायला निघाला, अशी उदाहरणे सर्रास दिसतात. संस्थेच्या दफ्तरी नाव आहे, मग शंका कशाला, असे खरेदीदाराला वाटते. परंतु शेअर सर्टिफिकेट हा सभासदत्वाचा पुरावा होय; वारसाहक्काचा निवाडा त्यातून होत नाही. त्या मुलाचे नाव केवळ नामनिर्देशनामुळे लागले असेल, तर तो एकटा मालक ठरत नाही. सहकार कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार नामनिर्देशित व्यक्तीला वारस निश्चित होईपर्यंत तात्पुरता सभासद म्हणूनच घेतले जाते. सासरी गेलेली बहीण पुढे हिस्सा मागत आली, तर तिचा दावा निराधार म्हणता येणार नाही. अशा व्यवहारात नोंदणीकृत हक्कसोडपत्र, मृत्युपत्र असल्यास त्याची वैधता किंवा सर्व वारसांच्या करारावरील सह्या, यांपैकी काय लागेल ते वकिलाला विचारावे. ‘बहिणीची काही हरकत नाही’ या तोंडी आश्वासनावर पैसे देऊ नयेत.

भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा पाहणे अनेकांना उपचार वाटतो. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत मंजुरी पाच मजल्यांची होती. इमारती त्याहून कितीतरी उंच चढल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रहिवाशांना दिलासा नाकारला आणि जून २०१४ मध्ये अनधिकृत सदनिकांची वीज, पाणी व गॅस तोडण्यात आले. तेथील कित्येकांनी पुरते पैसे मोजून घरे घेतली होती.

सदनिका आपली झाली तरी इमारतीखालची जमीन कोणाची? ‘मोफा’ या १९६३ च्या कायद्याने ती संस्थेच्या नावे करून देणे बिल्डरवर बंधनकारक केले. पण अनेकांनी ते टाळले. म्हणून २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. बिल्डर दाद देत नसेल, तर संस्थेला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. मिळकत पत्रिकेवर किंवा सातबारावर संस्थेचे नाव नसेल, तर पुनर्विकासाच्या वेळी अडचण येते, आणि जुन्या घराच्या भावात पुनर्विकासाची आशा धरलेली असतेच. एवढ्या कारणाने घर सोडावे असे नाही. भाव ठरवताना ही त्रुटी विसरू नये.

संस्थेकडून विक्रेत्याच्या थकबाकीचा लेखी दाखला घ्यावा. हस्तांतरण अधिमूल्यावर २००१ च्या शासकीय परिपत्रकाने महापालिका क्षेत्रात २५ हजार रुपयांची मर्यादा घातली. त्याहून अधिक रक्कम ‘देणगी’ म्हणून मागणाऱ्या समित्या आजही भेटतात. मागणी लेखी द्या म्हटले, की त्यांतील बऱ्याच गप्प बसतात.

विक्रेत्याचे गृहकर्ज शिल्लक असेल, तर मूळ कागद बँकेत असतील. अशा वेळी बँकेकडून कागदांची यादी आणि शिल्लक कर्जाचे पत्र मागवावे आणि तेवढ्या रकमेचा धनादेश थेट विक्रेत्याच्या कर्जखात्यावर काढावा.