‘ता है, ती है’च्या पलीकडचे इंग्रजी

मध्य प्रदेशातल्या बालाघाटमध्ये भाषांतर हा शाळेतला विषय नंतर, रोजचा व्यवहार आधी. घरी मराठी किंवा पोवारी, शाळेत हिंदी, बाजारात समोरच्याला जी कळेल ती. 1956 पर्यंत हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. ती राजधानी गेली, पण गोंदियाकडची ये-जा थांबली नाही. इंग्रजीबद्दलचे इथले काही गैरसमज रोजच्या भाषांतराच्या या सवयीतूनच आले आहेत.

गैरसमज : शब्दांचे अर्थ माहीत असले की भाषांतर होते.

हिंदी-मराठीत हे बहुतेक वेळा खपून जाते. ‘मला भूक लागली’चे ‘मुझे भूख लगी’ करताना एकही शब्द जागचा हलत नाही. इंग्रजीत मात्र भूक लागत नाही, माणूसच भुकेला असतो : ‘आय ॲम हंग्री’. ‘मला’ जाऊन तिथे ‘मी’ येतो, म्हणजे वाक्याचा कर्ताच बदलतो. आणि शब्दाला शब्द ठेवण्याचा भरवसा शेजारच्या भाषेतही पुरत नाही. हिंदीत ‘शिक्षा’ मिळाली तर अभिनंदन करायचे, मराठीत मिळाली तर सांत्वन.

गैरसमज : ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ गाळले तरी चालते.

मराठीत ही उपपदे नाहीत, हिंदीत नाहीत, रशियनमध्येही नाहीत. रशियन माणूस इंग्रजी शिकताना नेमका इथेच अडखळतो. आपल्या भाषेत जे नाही ते शोभेचे वाटणारच. पण कान्हाच्या मुक्की गेटमधून परतलेल्या माणसाने ‘आय सॉ अ टायगर’ म्हटले तर त्याला एखादा वाघ दिसला. ‘आय सॉ द टायगर’ म्हटले तर ज्याची सकाळपासून चर्चा होती तोच दिसला. मराठी हे काम ‘एक’, ‘तो’ किंवा संदर्भावर सोपवते. ‘अ’ की ‘ॲन’ हे ठरवायला तर देवनागरीच मदतीला येते. ‘अवर’ स्वराने सुरू होतो, म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’ ‘य’ने, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. स्पेलिंगकडे पाहणारा फसतो, उच्चार ऐकणारा नाही.

गैरसमज : वाक्याचा शेवट पाहिला की काळ ओळखता येतो.

‘ता है, ती है, ते हैं’ आले की साधा वर्तमानकाळ, ‘रहा है’ आले की चालू, ‘चुका है’ आले की पूर्ण. हिंदी माध्यमात पाठ केलेली ही खूण पुष्कळदा बरोबर ठरते, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. ‘मी 2010 पासून वारासिवनीत राहतो’ या वाक्याशी ती कोलमडते. ‘राहतो’, ‘रहता हूँ’ पाहून विद्यार्थी ‘आय लिव्ह’ लिहितो. हवे असते ‘आय हॅव लिव्ह्ड’. तेव्हा सुरू झालेले आजही चालू आहे, हे इंग्रजी क्रियापदातच सांगते. मराठी ते ‘पासून’वर सोडते. रशियनही इथे साध्या वर्तमानकाळावर भागवते, त्यामुळे तिथल्या विद्यार्थ्याची चूकही हीच.

गैरसमज : मग भाषांतराचा सराव बंदच करावा.

वरच्या चुका पाहून हा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण दोष भाषांतराचा नाही, सुटा शब्द धरून बसण्याचा आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. शिकवताना घरच्या भाषेचा आधार घ्यावा, हे 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणालाही मान्य आहे. सराव उलटसुलट करावा : मराठी वाक्य इंग्रजीत करून वही मिटावी, दुसऱ्या दिवशी मूळ न पाहता ते पुन्हा मराठीत आणावे. दोन मराठी वाक्ये जिथे जुळत नाहीत, तिथे त्या दिवसाचा धडा असतो.

गैरसमज : घरात मराठी-पोवारी बोलल्याने मुलांचे इंग्रजी बिघडते.

उच्चारात घरची लकब उतरते, बोलताना शब्दांची सरमिसळ होते; ते कानाला लगेच जाणवते आणि खापर घरच्या बोलीवर फुटते. इंग्रजी कच्चे राहते ते वाचन आणि श्रवण तोकडे पडल्यामुळे. पोवारी बंद केल्याने इंग्रजीचे एक पानही जास्त वाचून होत नाही. भूक कुठे ‘लागते’ आणि कुठे माणूस भुकेला ‘असतो’, हा फरक दोन भाषा येणाऱ्यालाच दिसतो. बालाघाटच्या मुलाला तीन येतात. त्यातली एकही कमी करू नये.