धूमपान : तंबाखूपूर्वीचें व तंबाखूनंतरचें

धूमपान म्हणजे तंबाखू ओढणें, असा अर्थ आज रूढ आहे. परंतु हा शब्द आपल्याकडील तंबाखूहून फार जुना आहे. तंबाखू मूळची अमेरिका खंडांतील. पोर्तुगीजांच्या द्वारें ती हिंदुस्थानांत आली. इ. स. १६०४-०५ च्या सुमारास विजापुराहून परतलेल्या असदबेगानें ती अकबरापुढें ठेविली. तेव्हां हें द्रव्य अपरिचित आहे म्हणून हकिमांनीं हरकत घेतली, असें त्यानेंच लिहून ठेविलें आहे.

तत्पूर्वी काय ओढीत, हें चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पांचव्या अध्यायावरून कळतें. चंदन, वाळा, वेलची, जटामांसी, गुग्गुळ इत्यादि द्रव्यें वाटून बोरूच्या काडीवर लेपावीं. आंगठ्याएवढी जाड व आठ अंगुळें लांब वर्ती वाळवून काडी काढून घ्यावी, आणि तूप लावून नळींतून धूर घ्यावा, असा तेथील विधि आहे. नित्याचा धूम दिवसांतून फार तर दोनदां; धूर सोडावयाचा तो मुखानेंच. अतिरेकानें बहिरेपणा, अंधत्व, भोंवळ हे विकार होतात, अशी ताकीदही तेथेंच आहे. अर्थात् तें व्यसन नव्हतें. काळ व मात्रा ठरविलेला उपचार होता.

तथापि एवढ्यावरून बिनतंबाखूची विडी निर्दोष ठरत नाहीं. कोणताही पाला जाळला कीं डांबर व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु उत्पन्न होतोच.

तंबाखूनंतरचे पर्याय निराळ्या जातीचे आहेत. तपकिरीनें नाकाची वाट धरली. तव्यावर काळी होईतों भाजून कुटलेली तंबाखू, म्हणजे मशेरी, दांतांच्या मिषानें हिरड्यांवर बसली. कोंकणांत जी स्त्री विडीला शिवणार नाहीं, तीही सकाळीं मशेरी लावतांना आढळते. गुटख्यावर महाराष्ट्रांत २०१२ सालीं, व विजेच्या सिगारेटीवर सर्व देशांत २०१९ सालीं बंदी आली. नुसती सुपारी चघळावी, तर तीही कर्करोगकारक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ मध्यें प्रसिद्ध केला. या सर्वांत द्वार किंवा द्रव्य बदललें, अपाय राहिलाच.

चरकाच्या मात्राविचाराशीं जुळणारा पर्याय आज एकच दिसतो, तो निकोटिनच्या गोळीचा. चघळावयाची ही गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते, व सुमारें १२ आठवड्यांत ती कमी करीत सोडावयाची असते. तिचें प्रयोजन तंबाखूची जागा कायमची घेणें हें नसून ती जागा रिकामी करणें हें आहे.

हा विचार आम्हां तळोजेकरांस दूरचा नाहीं. शेजारीं खारघरास टाटा स्मारक केंद्राची कर्करोग उपचार व संशोधन संस्था आहे. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण दुरून तेथें येतात. धूर सोडला, मशेरी धरली, असें म्हणणाऱ्यानें तंबाखू सोडली नाहीं. वाट मात्र बदलली. म्हणून कोणताही पर्याय पुढें आला असतां प्रश्न एकच करावा : याची मात्रा किती, आणि याचा शेवट केव्हां?