टूल झिजले हे यंत्राला कसे कळते?

जुन्या लेथवरचा कारागीर बरेचसे काम कानाने करीत असे. कापण्याचा आवाज बदलला किंवा किसाचा रंग पालटला, की तो यंत्र थांबवून टूलची धार पाही. सीएनसी म्हणजे संगणक-नियंत्रित यंत्राला हे आपणहून जमत नाही. टूल कोठे न्यायचे ते आकड्यांत सांगितले, की ते तेथे नेते. त्या टूलला धार उरली आहे की ते मोडून पडले आहे, याची त्याला दाद नसते. ड्रिल मोडले, तरी पुढचा आटे पाडणारा टॅप त्या अर्धवट भोकात घुसतो. मग तोही मोडतो आणि जॉब भंगारात जातो.

पण टूल न मोडता नुसते झिजले तर? शाळेतल्या त्रिकोणमितीने पाहू. टूलची बाजू जॉबवर घासू नये म्हणून ती थोडी मागे कललेली असते. समजा, 6 अंश. तरीही धारेलगत घासून एक सपाट पट्टा तयार होतोच. कार्बाइड टूलच्या चाचण्यांत हा पट्टा सरासरी 0.3 मिलिमीटर झाला, की टूलचे आयुष्य संपले असे मानण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. 0.3 ला 6 अंशांच्या टॅनने, म्हणजे 0.105 ने गुणा. धार सुमारे 0.03 मिलिमीटर मागे गेलेली असते. लेथवर जॉब गोल फिरतो, त्यामुळे व्यासात फरक पडतो दुप्पट, 0.06 मिलिमीटर. बेअरिंग बसवायच्या दांड्याला एवढी चूक चालत नाही.

टूल किती टिकेल याचे गणित अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर यांनी 1906 मध्ये मांडले. त्यामागे 26 वर्षांचे प्रयोग होते. त्यांच्या सूत्रानुसार कार्बाइडसाठी वेग 20 टक्क्यांनी वाढवला, तर आयुष्य साधारणतः 1.2 च्या चौथ्या घाताने भागले जाते. म्हणजे निम्म्याहूनही कमी होते! घातांक शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे. मात्र सूत्र सरासरीचे आहे. एकाच खोक्यातली दोन टूल्स सारखी टिकत नाहीत. म्हणून कारखाने ती बरीच आधी बदलून टाकतात. चांगले कार्बाइड असे वाया घालवण्यापेक्षा मोजणे बरे, असे आम्हांला वाटते.

मोजण्याची सोपी रीत म्हणजे स्पर्श. टूल हळूच एका संवेदकाला टेकते, त्याच क्षणी संकेत जातो आणि यंत्र आपल्या अक्षांची स्थिती नोंदवून टूलची लांबी ठरवते. नाजूक टूलसाठी लेझर किरण वापरतात: टूलने किरण अडवला, की नोंद झाली. आलेला फरक ‘ऑफसेट’ म्हणून यंत्रात भरला जातो.

पण यासाठी कापणे थांबवावे लागते. कापत असताना नजर ठेवायची, तर स्पिंडलच्या मोटरला लागणारी शक्ती मोजतात. धार बोथट झाली की शक्ती वाढते. गंमत अशी, की ड्रिल मोडून पडले तर ती एकदम घटते, कारण कापायला काही उरतच नाही! म्हणून वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा घालाव्या लागतात. दुसरी रीत म्हणजे धातूत उठणाऱ्या, 20 किलोहर्ट्‌झच्या पलीकडच्या कंपनांची नोंद. ती कोणत्याही कारागिराला ऐकू आली नसती.

एक मिलिमीटरच्या ड्रिलपुढे मात्र मोटरची शक्ती मोजून भागत नाही. त्याचा भार मोठ्या स्पिंडलच्या स्वतःच्या घर्षणातच बुडून जातो. तेथे प्रत्येक भोकानंतर ड्रिल लेझरसमोर आणून ते शाबूत आहे ना, एवढेच पाहावे लागते.