डीजे नको, ढोलकी बास: तळ्याकाठच्या संध्याकाळीचं गणित

तरसालीत तळ्याकाठी गाण्याची आणि चित्रांची एक संध्याकाळ करायची, हे बैठकीत निघालं आणि लगेच दोन गट पडले. एक म्हणतो, जाळ्यांना पैसे नाहीत आणि गाणी कसली? दुसरा म्हणतो, करायचंच तर डीजे आणा. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

बडोद्याला हे नवीन नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ साली मौलाबक्ष यांच्या हाताखाली इथं गायनशाळा सुरू झाली. तोवर गाणं दरबारात नाहीतर उस्तादाच्या घरात. गायनशाळेमुळे ते वर्गात आलं, आणि मौलाबक्षांनी स्वर कागदावर लिहिण्याची पद्धत बसवली. सूरसागर तळ्यासमोर आजही तिथं गाणं-वाजवणं शिकवतात. म्हणजे तळ्याकाठी गाणं ही बडोद्याचीच रीत म्हणा की!

चित्रांचंही तसंच. विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० ची. तिथं १९६१ पासून मेळा भरू लागला. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखा मोठा चित्रकार या मेळ्यासाठी लाकडाची, मण्यांची खेळणी करायचा. मोठ्या माणसानं खेळणी करण्यात कमीपणा मानला नाही, हे मला फार आवडतं.

आता डीजेचं. पाण्याचा सपाट पृष्ठभाग आवाज शोषत नाही, परतवतो. गवत, झाडं, मऊ माती आवाज खातात, पाणी खात नाही. पहाटे होडीत बसून पलीकडच्या काठावरचं बोलणं ऐकू येतं, हे तुम्हाला मी काय सांगणार? वारा पडलेला असेल तर ढोलकी, पेटी आणि चार गळे एवढ्यावर काम भागतं. वर नियम आहेत: वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, लाऊडस्पीकरला लेखी परवानगी, आणि रात्री १० ते सकाळी ६ बंद. डीजे लावला की पहिली तक्रार शेजारच्या सोसायटीतून येणार, आणि तळ्यावर नाव आपलं खराब होणार.

खरी गोष्ट वेगळीच आहे. आपल्यात ढोलकी वाजवणारे दोन-तीनच उरलेत, तेही साठीच्या पुढचे. लग्नात स्पीकर आला तसं त्यांना कोणी बोलवेना. आमच्या काकांची ढोलकी माळ्यावर आहे, पान सैल पडलंय. पोरांनी त्यांना वाजवताना पाहिलंच नाही, तर शिकणार कुठून?

चित्रांसाठी मंडप नको. जुनं जाळं दोन बांबूंना ताणायचं, त्यावर पोरांची चित्रं चिमट्यांनी लावायची. जाळ्यातून वारा आरपार जातो, बॅनरसारखं फुगून बांबू उपटत नाही. तेवढं एक सांभाळा: दिव्यांचा झोत पाण्यावर नको, रंगाचे ब्रश तळ्यात धुवायचे नाहीत आणि चहाचे प्लास्टिकचे कप आणायचे नाहीत.

खर्च म्हणाल तर चहा, दिवे, आणि ढोलकीला नवीन पान. जाळ्यांच्या पैशाला हात लागत नाही. कोणाकडे फाटकं जाळं पडलं असेल तर रविवारपर्यंत आणून द्या. आणि हो, गाणाऱ्या बायकांनी नावं जरूर द्या, मागच्या वेळी सगळे पुरुषच पुढे होते.