लेबर चार्जचा हिशेब : मोटारसायकल सर्व्हिसिंगविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

नव्या मोटारसायकलबरोबर मिळणाऱ्या मोफत सर्व्हिसिंगच्या कूपनांमुळे सुरुवातीची देखभाल फुकट होते, हा समज अर्धाच खरा आहे. कूपनाने माफ होते ती केवळ मजुरी, म्हणजे बिलात ‘लेबर चार्ज’ म्हणून दिसणारी रक्कम, आणि तीही डीलरच्या औदार्यामुळे नव्हे, कारण ती उत्पादक कंपनी त्याला चुकती करते. इंजिन ऑइल, फिल्टर आणि झिजणारे सुटे भाग यांचे पैसे पहिल्या दिवसापासून ग्राहकालाच द्यावे लागतात. कूपनाला दिवस आणि किलोमीटर अशा दोन मर्यादा असतात व जी आधी संपेल ती लागू होते, त्यामुळे मध्य प्रदेशातल्या लांजी किंवा बैहरहून बालाघाटची फेरी धानाच्या रोवणीपायी पुढे ढकलणाऱ्याचे कूपन, गाडी फारशी चाललेली नसतानाही, वाया जाऊ शकते.

सर्वाधिक चीड येते ती अर्ध्या तासाच्या कामासाठी लावलेल्या भरभक्कम मजुरीची. अधिकृत सर्व्हिस सेंटरांत मजुरी सहसा घड्याळावर नव्हे, तर कामावर ठरते : क्लच प्लेट बदलणे, फोर्कचे ऑइल सील बदलणे अशा प्रत्येक कामाला प्रमाणित वेळ आणि दर नेमलेला असतो, आणि मेकॅनिकने ते लवकर उरकले तरी आकार तोच राहतो. मजुरीच्या दराला कायद्याने कमाल मर्यादा घातलेली नाही. म्हणून बिल मोठे आहे एवढ्यावरून ते बेकायदा ठरत नाही, आणि खरा वाद असतो तो संमतीचा. गाडी ताब्यात घेताना भरला जाणारा कागद, म्हणजे जॉब कार्ड, हा प्रत्यक्षात दोन पक्षांमधला करार असतो. त्यात नोंदलेली कामे आणि अंदाजे खर्च न वाचता सही करण्याची सवय ग्राहकाला भोवते, तर सहीनंतर न विचारता वाढवलेले काम डीलरला भोवायला हवे. पक्के बिल न देणे ही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथाच आहे.

करासंबंधीचा घोळ वेगळा आहे. सुट्या भागाच्या पाकिटावरील एमआरपीत सर्व कर धरलेले असतात, त्यामुळे त्यावर पुन्हा जीएसटी चढवता येत नाही. मजुरीला मात्र एमआरपी नसल्याने तिच्यावर १८ टक्के कर वेगळा लागतो. मोटारसायकलच्या सुट्या भागांवरील करही २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

बिलावर वाद असला तरी डीलरला गाडी अडवून ठेवता येत नाही, हे मत कायद्याला धरून नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याला त्या कामाचा रास्त मोबदला मिळेपर्यंत ती ताब्यात ठेवण्याचा हक्क, म्हणजे धारणाधिकार, आहे. न सांगितलेल्या कामाला तो लागू असल्याचे म्हणणे मात्र कठीण आहे. अशा वेळी बिलावर लेखी हरकत नोंदवून पैसे भरणे आणि गाडी सोडवून घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

बाहेरच्या मिस्त्रीचा हात लागला की वॉरंटी संपली, असेही सरसकट मानले जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला, तो स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग आणि तपासणीची साधने मिळू न दिल्याबद्दल, आणि वॉरंटी रद्द करण्याच्या अटीवरही आयोगाने बोट ठेवले. हे प्रकरण चारचाकींचे आणि पुढे अपिलात गेलेले असल्यामुळे दुचाकीस्वाराने ते ढालीसारखे नाचवू नये. त्याच्या दृष्टीने वॉरंटी पुस्तिकेतील अटीच आधी वाचण्याजोग्या आहेत.

बालाघाटसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात आणखी एक शंका हमखास निघते : गाडी गोंदियातून घेतली तर तक्रारीसाठी महाराष्ट्रात खेटे घालावे लागतील काय? २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ ने तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्याचे काम करतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागण्याची मुभा दिली असल्याने बालाघाटच्या रहिवाशाला बालाघाटच्याच जिल्हा आयोगात जाता येते. उपजीविकेसाठी मोटारसायकलवरून दूध पोहोचवणाराही कायद्याने ग्राहकच आहे. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही, मात्र ती कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, बिल आणि जॉब कार्डाची प्रत जोडून दाखल करावी.